रुखवतवाल्या सुगंधाची वेबसाइट

आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये येऊन कुणी विचारलं, रुखवत करणारी सुगंधा परब कुठे राहते, तर बायका मान हलवायच्या. माहीत नाही म्हणायच्या. त्यातल्या निम्म्या बायकांच्या घरच्या लग्नात सुगंधाचंच रुखवत लागलेलं असायचं. तिचा धंदाच तसा होता. मी तिच्या समोरच्या खोलीत राहते, ब्लाउज शिवते. माझ्या पोटात काही राहत नाही असं माझा नवरा सगळ्यांना सांगतो. पण सुगंधाच्या कामाबद्दल मीसुद्धा कधी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून सांगते.

लग्नाच्या हॉलमध्ये एका बाजूला मुलीकडचं टेबल मांडलेलं असतं ना, तेच हे रुखवत. लाडू-करंज्यांची सजवलेली ताटं, सुपारीचे नवरा-नवरी, मोत्यांची सप्तपदी, खडीसाखरेचं तुळशी वृंदावन, लोकरीची तोरणं. हे सगळं मुलीने, तिच्या आईने, मावशी-काकूने घरात बसून केलेलं असावं अशी रीत. मुलाकडच्या बायका येतात, एकेक वस्तू उचलून बघतात, आणि मुलीची आई पदर सारखा करत सांगते, सगळं घरीच केलंय हो. आता मला सांगा, सकाळी डबे भरून ऑफिस गाठणाऱ्या बायकांना सुपाऱ्यांना साड्या नेसवायला कुठून वेळ मिळणार? मग एक आई दुसरीच्या कानात सुगंधाचं नाव सांगायची. बस, एवढीच तिची जाहिरात.

ही कला ती कुडाळहून घेऊन आली. तिथे तिची आत्या गावातल्या सगळ्या लग्नांना सुपाऱ्या सजवायची. सुगंधा लग्न होऊन लालबागला आली तेव्हा सासरे गिरणीतून नुकते घरी बसलेले. मग ती माणसं इकडे चारकोपला आली, तिचा नवरा, आमचे चंद्रप्रकाश भावोजी, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छापखान्यात लागले. नणंदेच्या लग्नाचं रुखवत सुगंधाने एकटीने केलं आणि तिथून सुरू झालं. कामात एकदम झकास. बोलायला मात्र मुखदुर्बळ. माझ्याशी बोलायची तेवढीच, आणि मन भरून आलं की मालवणीत शिरायची.

तिची कामाची पद्धत ठरलेली. लग्नाच्या दिवशी मुलाकडचे यायच्या आत रिक्षाने खोके घेऊन हॉल गाठायचा. टेबल मांडायचं, फोनवर एक फोटो काढायचा आणि मागच्या जिन्याने निघून यायचं. जेवायला कधी थांबली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, मी जेवायला बसले तर ही कोण म्हणून सांगाल? आणखी एक नेम होता तिचा. लग्नाच्या आधी मुलीला आणि आईला एक दुपार घरी बोलवायची आणि एक तरी वस्तू त्यांच्याकडून करून घ्यायची. म्हणजे घरी केलंय म्हणताना त्या बाईची जीभ अडखळायला नको. मला हसू यायचं. मी म्हणायचे, अगं, गिऱ्हाइकाच्या खोटेपणाची पण तूच काळजी घे.

नीलाताई तिच्याकडे आल्या त्या अशाच कुणीतरी कानात सांगितलं म्हणून. बोरिवलीत बाभईला राहायच्या. नवरा श्यामसुंदर, विमा कंपनीतून रिटायर झालेले, आणि एकुलती एक मुलगी गार्गी. चांगली शिकलेली, नीटनेटकी बाई. गार्गीचं मुलुंडच्या मिहिरशी ठरलं होतं. बाकीच्या बायकांचं कारण वेळ नाही हे असायचं. नीलाताईंचं तसं नव्हतं. त्यांचं भरतकाम, क्रोशा, रांगोळ्या सगळ्या नात्यात नावाजलेलं. मुलुंडकरांना पहिल्या भेटीतच सांगून झालं होतं की गार्गीची आई रुखवत काय करते ते बघाच. आणि नीलाताईंचे हात कापायला लागले होते. कंपवात. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, गोळ्या सुरू होत्या, आणि नवरा सोडून कुणाला पत्ता नव्हता. गार्गीला कळलं तर ती लग्न पुढे ढकलेल, आईला सोडून जाणार नाही म्हणेल, ही धास्ती.

त्या दुपारी मी सुगंधाकडेच बसले होते, म्हणून मला हे कळलं. नीलाताईंनी हात पर्समध्ये लपवले होते. बोलता बोलता बाहेर काढले आणि नुसते मांडीवर ठेवले. सुगंधाने बघितलं आणि चहा टाकायला उठली. परत येऊन म्हणाली, तुम्ही शेजारी बसून सांगायचं, मी करायचं. काम तुमचं.

मग रोज दुपारी त्या रिक्षाने यायच्या. असं रुखवत सुगंधाने आयुष्यात केलं नव्हतं. नीलाताईंच्या डोक्यात होतं ते वेगळंच. बाभईच्या त्यांच्या घराची टेबलावर मावेल एवढी गॅलरी, तिच्यात दोरीवर वाळत घातलेले इवले कपडे, कठड्याला टेकून उभी एक छोटी मुलगी. त्या मुलीचा फ्रॉक गार्गीच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकमधूनच कापला होता. तो शिवला मी. खोटं कशाला बोलू, मला अभिमान आहे. नीलाताई सांगायच्या, ही कुंडी जरा डावीकडे, हा रंग नको, आमच्या भिंतीचा पिवळा एवढा उजळ नव्हता. सुगंधा न कंटाळता पुन्हा करायची. सुरुवातीला सुगंधाबाई-अहो चाललेलं, महिन्याभरात सुगंधा-अगं झालं. नीलाताई घरून पोहे करून आणायच्या. सुगंधाला एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. नेमाप्रमाणे एक वस्तू नीलाताईंनी केली, सुपारीचा गणपती. सोंड वाकडी चिकटली. सुगंधाने ती तशीच ठेवली.

लग्न झालं. मिहिरची आई म्हणे त्या गॅलरीपुढे उभी राहून रडली. आपल्या हातातली बांगडी काढून तिने नीलाताईंच्या हातात घातली, एवढी माया कुणी लेकीसाठी ओतते का म्हणाली. हे नीलाताईंनीच येऊन सांगितलं. सांगताना त्या आनंदात होत्या आणि थोड्या ओशाळलेल्याही. सुगंधा म्हणाली, बरोबरच बोलल्या त्या.

पुढे काम कमी कमी होत गेलं. आता स्टेज सजवणारेच तयार रुखवत भाड्याने आणतात. लग्न लागलं की खोक्यात भरून दुसऱ्या लग्नाला. सुगंधाकडे सुपाऱ्यांच्या पिशव्या तशाच पडून राहायला लागल्या. तिची सून श्रुतिका मालाडला ऑफिसात आहे, डोक्याने तल्लख पोरगी. ती म्हणाली, आई, लोक सगळं फोनवर शोधतात, तुम्ही तिथे नाहीच आहात तर सापडणार कशा? आपण वेबसाइट करू. सुगंधा म्हणाली, आपलं काम लपून करायचं आहे गं. श्रुतिका म्हणाली, आता कोण लपवतंय, हाताने केलेलं म्हटलं की लोक उलट जास्त मान देतात. तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी पण दुजोरा दिला.

श्रुतिकाने सुट्टीच्या दिवशी बसून वेबसाइट तयार केली. वर मोठ्या अक्षरात ‘सुगंधा परब यांचे हस्तकलेचे रुखवत’. आत ‘आमच्याविषयी’ म्हणून एक पान, त्यावर सुगंधाचा फोटो. मीच शिवलेला जांभळा ब्लाउज आणि लग्नातली साडी. खाली तिची माहिती, कुडाळची आत्या, लालबाग, सगळं. ती श्रुतिकाला परत परत वाचून दाखवायला लावायची. भाजीवालीला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. इतकी वर्षं मागच्या जिन्याने उतरलेली बाई ती, तिचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लिहिलेलं दिसत होतं. मला तिचं कौतुक वाटत होतं आणि थोडं वाईटही, की एवढ्याशासाठी किती वाट बघितली हिने.

फोटो निवडायची वेळ आली तेव्हा श्रुतिकाने गॅलरीचा फोटो बघितला आणि म्हणाली, आई, हाच पहिला. सुगंधा कचरली. ते नीलाताईंचं आहे म्हणाली. मग तिने आपल्या परीने पुष्कळ विचार केला. गार्गी-मिहिर ही नावं फोटोतून कापायला सांगितली. आणि मला म्हणाली, रुखवत शोधतात ते मुलीवाले. मुलाकडच्यांना कशाला लागतंय रुखवत? ते कशाला बघायला जातायत?

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आमच्या लोकांत सगळ्यांनाच पटलं असतं. नीलाताईंना विचारायचं तिच्या मनात होतं, पण म्हणाली, आधी सगळं नीट होऊ दे, मग त्यांना घरी बोलावून दाखवते, खूश होतील.

काय सांगू, धडाधड फोन यायला लागले. घाटकोपर, मुलुंड, दहिसर, एक बाई तर थेट दुबईहून. सगळ्यांना ते गॅलरीवालं हवं. सुगंधा म्हणायची, ते एकीचंच आहे, तुमच्या घराचं वेगळं करून देते. मलाही तिने सुपाऱ्यांचे परकर शिवायला बसवलं. चंद्रप्रकाश भावोजी गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या हिची वेबसाइट आहे.

आणि मुलुंडच्या त्या घरात मिहिरची चुलत बहीण अक्षता, तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे म्हणजे त्यांच्या घरात मुली नसतात असं थोडंच आहे? अक्षता फोनवर रुखवत शोधत बसली आणि पहिलाच फोटो बाभईच्या गॅलरीचा. नावं कापली होती, फ्रॉक कुठे कापला होता? तिने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, काकू, हे तर वहिनीचं रुखवत ना?

गार्गी खवळली. आईवर नाही, सुगंधावर. तिला वाटलं, आपल्या लग्नातला फोटो कुणीतरी चोरला. सासू बघत होती, आणि गार्गीने सगळ्यांदेखत फोन उचलून वेबसाइटवर अभिप्राय लिहिला. एक तारा. ‘हे रुखवत माझ्या आईने स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. या बाई दुसऱ्याच्या कामाचे फोटो चोरून आपल्या नावावर खपवतात. सावध राहा.’ आईवर विश्वास होता पोरीचा. तिला तरी कशी दोष देऊ?

श्रुतिकाने ऑफिसातून फोन करून ते वाचून दाखवलं तेव्हा मी सुगंधाकडेच होते. सुगंधा खाली बसली. मग नीलाताईंना फोन लावला, स्पीकरवर, कारण तिला कानाला धरवेना. झालं ते सांगितलं. मग नीलाताई म्हणाल्या, “सुगंधा, गार्गीला अजून माहीत नाही गं. सासूबाई तिच्याकडे कशा बघतायत, तिने मला सांगितलं. मी काय करू?”

सुगंधा म्हणाली, “तुम्ही काही करू नका. चूक माझी झाली. मी बघते.”

संध्याकाळी श्रुतिका घरी आली ती तणतणत. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणाली, तुमच्या फोनमध्ये सगळे फोटो आहेत, अर्धवट गॅलरीचे, तुमच्या हातात ब्रश आहे, शेजारी त्या बसल्यात. एक फोटो टाकते, तोंड बंद होईल त्या मुलीचं. तुम्ही चोर नाही आहात. मीही म्हटलं, टाक गं. त्यांची अब्रू ती अब्रू आणि हिची काय रस्त्यावर पडलीय?

सुगंधाने दोघींना बोलू दिलं. मग म्हणाली, त्या फोटोत त्यांचे हात दिसतात. फोटो काढून टाक, आणि मी सांगते तसं लिही. श्रुतिका नाही म्हणाली. सुगंधा म्हणाली, नाव माझं आहे ना वर, मग मी सांगेन तेच लिहायचं. आणि सांगितलं: ‘चुकून दुसऱ्याच्या कामाचा फोटो आमच्या वेबसाइटवर लागला. ते काम आमचं नाही. त्यांची माफी मागतो.’

पोरगी रडत रडत ते टाइप करत होती. मी उठून माझ्या घरी आले. मला बघवेना. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम, आणि स्वतःच्या नावाखाली लिहायचं की ते माझं नाही.

पुढचं सांगायला नकोच. दुबईवालीने पहिल्यांदा ऑर्डर रद्द केली, मग बाकीच्यांनी. जुन्या बायका, त्या कानात सांगणाऱ्या, त्यांनी वेगळ्याच भीतीने पाठ फिरवली. आज कुणा एकीचा फोटो लागला, उद्या आमचा लागेल. एक बाई रस्त्यात सुगंधाला बघून दुसऱ्या फुटपाथवर गेली, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे नव्यांच्या लेखी ती चोर आणि जुन्यांच्या लेखी चोंबडी. पार वाट लागली धंद्याची. वेबसाइट श्रुतिकाने बंद केली. सुगंधा आता इस्टेटमध्ये एका गाळ्यात जाते, मसाल्याच्या पाकिटांवर लेबलं चिकटवते. तिचे हात ते! माझा जीव तुटतो.

आणि नीलाताईंचा फोन आला नाही. माफीचं वाचलं असेलच ना त्यांनी? सुगंधा काही बोलायची नाही, पण फोन वाजला की नाव बघून मगच उचलायची, आणि मला कळायचं ती कुणाचं नाव शोधतेय. मी भडकून म्हणायचे, अशी कशी गं ही बाई, एक शब्द नाही. सुगंधा मला गप्प करायची. एकदाच म्हणाली, “चूक माझीच गो मानसी. एकदा वाटला, आपला नाव खंयतरी दिसूचा. तेवढ्यासाठी मी त्यांका न विचारता फोटो लावलंय.”

गेल्या महिन्यात गार्गी आली. मी उंबऱ्यात बसून मटार सोलत होते, ती मलाच विचारत आली, परबांचं घर कुठलं. ओळखलं मी तिला, फोटोत बघितलेली. मटार तसेच टाकून मी तिच्या मागोमाग सुगंधाकडे गेले. जायला नको होतं, पण गेले.

गार्गी बसली नाही. उभ्या उभ्याच सांगायला लागली. दिवाळीला आई मुलुंडला आली होती, सगळ्यांसमोर हातातलं ताट पडलं. आता हात झाकता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे पुष्कळ आधीपासूनचं आहे. तिने बाबांना खोदून विचारलं. बाबा म्हणाले, लग्नाच्या आधीपासून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मग मला गॅलरी आठवली, गार्गी म्हणाली, त्या दोरीवरचे नखाएवढे चिमटे आठवले. तिने आईला सरळ विचारलं. आईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, मीच केलं होतं.

“आई अजूनही तेच म्हणते,” गार्गी म्हणाली. “मावशी, तुम्ही खरं सांगा. मी तुम्हाला चोर म्हटलंय. मला झोप लागत नाही. तुम्ही हो म्हणा, मी पुन्हा लिहिते, जिथे सांगाल तिथे लिहिते.”

मी सुगंधाकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोल बये, आता तरी बोल. पोरगी जाणून आलीय, आता कुणाचं काय जाणार आहे?

सुगंधाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, “आई खरं सांगते. तिनेच केलं होतं.”

गार्गी तिच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. वाकून नमस्कार करायला लागली तर सुगंधाने वरच्या वर धरलं. पाण्याचा पेला पुढे केला, गार्गीने तो तसाच ठेवला आणि चप्पल घालायला लागली. दारात सुगंधाने तिला थांबवलं. विचारू की नको असं तिचं चाललेलं मला दिसत होतं. मग विचारलं, आईने माझं नाव कधी काढलं का गं?

गार्गीला खोटं बोलता येत नाही, ते काही आईकडून आलेलं नाही. तिने मान खाली घातली आणि नाही म्हणाली.

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं. मला भयंकर राग आला होता. म्हटलं, कशासाठी गं? कुणासाठी? ती बाई तुझं नाव घ्यायला तयार नाही आणि तू अजून तिच्यासाठी... सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

“जगाला नको गं सांगायला,” ती म्हणाली. “लेकीलाही नको. पण मला तरी एक फोन करायचा होता त्यांनी.”